थायरॉईड असताना मसल वाढवायचे तर: आधी गोळीची घडी, मग लोखंड

गेल्या उन्हाळ्यात एक ताई माझ्या व्यायामशाळेत आल्या. वय चाळिशीच्या पुढे. आधी दुसरीकडे चार महिने जिम करून झाली होती, प्रोटीनचे दोन डबे संपवून झाले होते, आणि तरी घराचा जिना चढताना त्यांना कठडा धरावा लागत होता. म्हणाल्या, "भाऊ, पायमा जीवच नही ऱ्हायना." पिशवीतून त्यांनी रिपोर्ट काढला. टीएसएच 14, मर्यादेच्या तिपटीहून जास्त. थायरॉईडची गोळी सहा वर्षांपासून चालू होती. मी विचारलं, घेता कशी? पहाटेच्या चहाबरोबर, आणि त्याच घोटाला कॅल्शियमची मोठी गोळी. बाटली कुठे ठेवता? गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर.

त्या ताईंची चूक व्यायामात नव्हतीच. जळगाव-धुळ्याकडचे असे लोक मला दर महिन्याला भेटतात आणि जवळजवळ सगळ्यांचा क्रम उलटा असतो: आधी जिम, मग पावडर, मग थकवा, आणि सगळ्यात शेवटी रिपोर्ट. क्रम सरळ केला की निम्मं काम होतं, म्हणून हा लेख टप्प्याटप्प्याने लिहिला आहे. टप्पे गाळू नका, मागेपुढे करू नका. मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस डॉक्टरच ठरवतील. ती गोळी पोटात नीट उतरते का, रिपोर्ट खरा येतो का आणि वजन कधी उचलायचं, या गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत आणि मी लिहिणार आहे ते त्यांच्याबद्दलच.

गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. त्या काळात गोळीची गरज लवकर वाढते आणि तिथे हा लेख पुरा पडणार नाही.

सुरुवातीआधी एवढंच समजून घ्या

थायरॉईड ग्रंथी मुख्यतः टी4 सोडते. यकृत, स्नायू अशा ठिकाणी त्याचं टी3 होतं आणि पेशीत खरं काम हे टी3 करतं. टीएसएच हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. थायरॉईड कमी पडलं की टीएसएच वाढतं, जास्त झालं की टीएसएच खाली जातं. टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉईड वाढलं असं समजणारे पुष्कळ जण आहेत. खरं उलट आहे.

स्नायूत प्रथिनं बांधण्याचं आणि मोडण्याचं काम रात्रंदिवस एकाच वेळी चालू असतं, आणि थायरॉईडचा हात दोन्हीवर असतो. हार्मोन कमी पडलं की दोन्ही कामं मंदावतात. पाय जड वाटतात, वांब येतात, व्यायामानंतरचं दुखणं दिवसेंदिवस रेंगाळतं. हार्मोन जास्त झालं की दोन्ही कामं वेगात होतात, पण मोडणं पुढे निघून जातं. मांड्या आणि खांदे सगळ्यात आधी वाळतात. आपल्याकडच्या केळीच्या बागेतल्या ठिबकसारखं आहे हे. दाब कमी असला तर शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही, फार वाढवला तर नळीच फाटते. म्हणून "थोडं जास्त असलं तर बरंच" हे थायरॉईडच्या बाबतीत कधीच खरं नसतं.

थायरॉईड कमी असलेल्या माणसाला डॉक्टर गुडघे टेकून खुर्चीवर बसवतात आणि घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारतात, तेव्हा नीट बघा. पाऊल खाली जातं, पण परत वर येताना रेंगाळतं. आवळलेला स्नायू सैल व्हायला पेशीतलं कॅल्शियम परत आत ओढून घ्यावं लागतं, आणि ते ओढणारा पंप थायरॉईडच्या कमतरतेत मंद चालतो. दहावी बैठक झाल्यावर तुमची मांडी लवकर मोकळी होत नाही, त्यामागे हेच असतं. तो आळस नसतो.

टप्पा 1: रक्त योग्य रीतीने द्या

पहिला रिपोर्टच चुकला तर पुढचं सगळं चुकतं. टीएसएच आणि फ्री टी4 (रक्तात मोकळं असलेलं टी4) या दोन तपासण्या करा. पहिल्यांदाच करत असाल तर अँटी-टीपीओ (शरीर स्वतःच्याच थायरॉईडवर उलटलं आहे का, ते दाखवणारी तपासणी) डॉक्टरांना विचारून एकदा करून घ्या. कमतरता असताना टी3 करून फार काही कळत नाही, कारण ते बराच काळ ठीकच दिसतं. थायरॉईड जास्त असल्याची शंका असेल तर मात्र टी3 लागतंच.

रक्त द्यायच्या दिवशी:

सकाळी साधारण 7 ते 9 मध्ये जा, आणि दर वेळी त्याच सुमारास जा. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. एकदा सकाळी आणि एकदा दुपारी दिलेल्या रक्ताची तुलना करून डोस बदलला, तर तो बदल घड्याळामुळे झालेला असू शकतो.

त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या. गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी4 वर चढलेलं असतं.

लॅब शक्यतो तीच ठेवा. प्रत्येक लॅबची पद्धत आणि मर्यादा थोडी वेगळी असते.

केसांच्या गोळ्या बंद ठेवा. यावर मी जरा थांबून सांगतो, कारण थायरॉईडमध्ये केस गळतात आणि केस गळतात म्हणून बायोटिन घेतलं जातं. अनेक लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटं कमी दिसतं आणि टी4 खोटं जास्त. म्हणजे कमतरता असलेला माणूस कागदावर "थायरॉईड जास्त" निघतो आणि त्याची गोळी कमी केली जाते. निदान 2 दिवस आधी बायोटिन थांबवा. मोठा डोस असेल तर किती दिवस आधी थांबवायचं ते डॉक्टरांना विचारा. मल्टिव्हिटॅमिनच्या डब्यावरची यादीही एकदा वाचा.

सीके ही स्नायूंची तपासणी सांगितली असेल तर 3 दिवस आधीपासून जड व्यायाम बंद. नवा किंवा फार जड व्यायाम झाला असेल तर आठवडाभर थांबा. व्यायामाने सीके काही दिवस चढलेलं राहतं. एसजीओटी आणि एसजीपीटीसुद्धा चढतात आणि उगाच लिव्हरची शंका येते. थायरॉईडच्या कमतरतेतही सीके वाढतं, त्यामुळे दोन्ही एकत्र झालं की रिपोर्ट वाचणारा गोंधळतो. व्यायाम करता हे डॉक्टरांना आपणहून सांगा. क्रिएटिन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्याने किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं आणि थायरॉईडच्या कमतरतेतही ते थोडं वाढू शकतं.

तपासून घ्या: लॅबला निघण्याआधी वहीत लिहा: तारीख, वेळ, शेवटची गोळी कधी घेतली, केसांची गोळी कधी बंद केली, शेवटचा जड व्यायाम कधी केला. पाच ओळी. सहा महिन्यांनी या ओळी रिपोर्टइतक्याच कामाला येतात.

टप्पा 2: तुम्ही कोणत्या गटात, ते ठरवा

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा साधारण 0.4 ते 4 किंवा 4.5 असते. सत्तरीच्या पुढे वरची मर्यादा थोडी सरकते.

टीएसएच वर आणि फ्री टी4 कमी असेल तर ती उघड कमतरता. गोळी लागणारच, आणि जड व्यायाम सध्या थांबवायचा.

टीएसएच थोडं वर, 10 च्या खाली, आणि फ्री टी4 ठीक असेल तर ती सौम्य कमतरता. प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. पुन्हा तपासून, वय आणि त्रास बघून डॉक्टर ठरवतात. या गटातल्या बहुतेकांना मी व्यायाम सुरू करायला सांगतो. मसल वाढत नाहीत याचं खापर टीएसएच 5.2 वर फोडणारे खूप आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं खरं दुखणं ताटात आणि झोपेत असतं.

टीएसएच अगदी खाली आणि टी4 किंवा टी3 वर असेल तर थायरॉईड जास्त आहे. या गटाने वजनाला हात लावायचा नाही. का, ते टप्पा 6 मध्ये.

एक सापळा लक्षात ठेवा. टीएसएच वर आहे आणि फ्री टी4 सुद्धा वरच्या बाजूला आहे, असा रिपोर्ट आला तर बऱ्याचदा गोळी अनियमित घेतलेली असते आणि तपासणीच्या आधीचे तीन-चार दिवस ती मनापासून घेतलेली असते. टी4 लगेच वर येतं, टीएसएचला आठवडे लागतात. डॉक्टरांपासून हे लपवू नका. लपवलं तर डोस उगाच वाढतो आणि पुढे तुमच्याच छातीत धडधड सुरू होते.

टप्पा 3: गोळीची घडी बसवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे.

गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. उपाशी पोटी, साध्या पाण्याबरोबर, नाश्त्याच्या आधी 30 ते 60 मिनिटं. तासभर थांबता आलं तर उत्तम. चहा आणि कॉफी हा नाश्ताच आहे असं धरा, दुधाचा चहा तर नक्कीच. "फक्त अर्धा कप घेतो" हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे. खानदेशात पहाटेचा चहा सोडायला सांगणं म्हणजे जीव मागण्यासारखं, हे मला ठाऊक आहे. सोडू नका, सरकवा. उशाशी पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवा. डोळे उघडल्यावर आधी गोळी, मग दात, आंघोळ, पूजा, आणि मग चहा. बहुतेक घरांत तेवढ्यात तास निघून जातो.

सकाळी जमतच नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर निदान 3 तासांनी, झोपताना घ्या. शेतातून उशिरा येणाऱ्यांना आणि रात्रपाळीवाल्यांना हे सोपं पडतं. मात्र एकदा वेळ ठरली की तीच पाळा, आणि वेळ बदलली आहे हे डॉक्टरांना कळवा.

कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या या गोळीपासून 4 तास लांब. दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल लोहाच्या गोळ्याही यातच आल्या. अँटासिडचं सिरपही लांबच ठेवा. दूध, व्हे प्रोटीन आणि सोया निदान तासाभरानंतर.

पित्ताच्या गोळीचं वेगळं आहे. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी पोटातलं आम्लच कमी करते आणि थायरॉईडची गोळी विरघळायला आम्ल लागतं. म्हणजे दोघींत अंतर ठेवूनही अडचण पूर्ण सुटत नाही. शेवभाजीचा तिखट रस्सा झाल्यावर महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने ही गोळी घेत असाल, तर आधी डॉक्टरांना सांगा. ती चालू किंवा बंद केली तर टीएसएच पुन्हा बघावं लागतं.

उपवासाला गोळी बंद करू नका. एकादशी असो, नवरात्र असो, पाण्याबरोबर गोळी चालते. श्रावणात कानबाईच्या गडबडीत दोन-तीन दिवस गोळी राहून गेली, असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं. रोजे असतील तर सहरीच्या निदान अर्धा तास आधी किंवा झोपताना, यातली वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा.

एखाद्या दिवशी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या. या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण 7 दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाने आभाळ कोसळत नाही. राहिलेल्या चार गोळ्या एकदम घ्यायच्या मात्र नाहीत.

आता बाटलीचं. माझी स्वतःची चूक सांगतो. मलाही ही गोळी आहे. एका मे महिन्यात मी महिन्याची बाटली गाडीच्या डिकीत ठेवली, कारण रोज सकाळी घरून निघून व्यायामशाळेत गोळी घ्यायची सवय होती. बाहेर पारा 44 वर, डिकीत त्याहून किती असेल कल्पना करा. दोन महिन्यांनी माझं टीएसएच दुपटीच्या वर गेलं. बाकी काहीही बदललेलं नव्हतं. उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींनी हे औषध उतरतं. पाकिटावर साधारणपणे 25 किंवा 30 अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तेवढं तापमान रात्रीही मिळत नाही. बाटली घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या, अंधाऱ्या खोलीत कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. शेगडीजवळ नको, खिडकीत नको, देवघरातल्या दिव्याशेजारी नको. एप्रिल ते जून एका वेळी एकाच महिन्याची घ्या, आणि दुकानदाराच्या फळीवर ऊन येतं का हेही बघून घ्या. एसटीने लग्नाला जाताना चार दिवसांच्याच गोळ्या न्या, बाकीची बाटली घरी राहू द्या.

कंपनी बदलली तर तारीख लिहून ठेवा आणि 6 आठवड्यांनी टीएसएच करा.

सावधान: स्वतःहून डोस वाढवू नका. ग्रंथी जवळजवळ बंदच पडलेली असेल तर डॉक्टर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 मायक्रोग्रॅम असा अंदाज धरतात. पण वयस्कर माणसाला किंवा हृदयरोग असलेल्याला 12.5 ते 25 पासून सुरुवात करावी लागते. शेजारणीला 100 चालते म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही.

तपासून घ्या: घडी बसवल्यावर किंवा डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवडे थांबा, मग टीएसएच करा. दोन आठवड्यांत केलेली तपासणी म्हणजे पैसे वाया, शिवाय चुकीचा निष्कर्ष.

टप्पा 4: वजन उचलण्याआधी आजची ताकद लिहून ठेवा

हे सहा ते आठ आठवडे रिकामे घालवायचे नाहीत. वहीत चार नोंदी करा.

पहिली, उठ-बस. हात नसलेली पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या. 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता ते मोजा. हाताचा आधार घेतला तर ती मोजायची नाही. कमी असो की जास्त, थायरॉईड आधी मांड्यांवरच बसतं, म्हणून ही एक चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. त्या ताईंची पहिली नोंद 7 होती.

दुसरी, नाडी. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी पूर्ण एक मिनिट मोजा.

तिसरी, शिंप्याच्या टेपने मांडी आणि दंड. गुडघ्याच्या वर टिचभर अंतरावर खूण ठरवा आणि दर वेळी तिथेच मोजा.

चौथी, वजन. याबद्दल एक इशारा. कमतरतेत वाढलेलं वजन बऱ्याच अंशी अंगात साठलेलं पाणी आणि मीठ असतं, साधारण 2 ते 5 किलो. गोळी लागू पडली की ते उतरतं. त्या महिन्यांत काटा खाली आणि ताकद वर असं दिसतं, आणि लोक घाबरून पावडर दुप्पट करतात. काट्याकडे बघू नका, उठ-बशीची नोंद बघा. उलटही घडतं. काही जणांत, उपचार नसताना, पोटऱ्या आणि दंड फुगलेले दिसतात, पण ताकद नसते. आरशात भरलेला दिसणारा दंड दर वेळी कमावलेला असतोच असं नाही.

टप्पा 5: व्यायाम, कमतरता असलेल्यांसाठी

टीएसएच 10 च्या वर असेपर्यंत: रोज चालणं, आणि आठवड्यातून 2 दिवस हलका व्यायाम. खुर्चीवरून उठणं, ओट्याला हात टेकून जोर, रबरी पट्टा ओढणं. एवढंच, आणि घाम फुटायच्या बेताला थांबायचं.

टीएसएच मर्यादेत आल्यावर, किंवा टप्पा 2 मधल्या सौम्य गटात असाल तर: आठवड्यात 3 दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (कमरेतून वाकून वजन उचलणं), छातीचा एक प्रकार, पाठीचा एक ओढण्याचा प्रकार, खांद्याचा एक. घरी करत असाल तर पाण्याने भरलेला 5 लिटरचा कॅन म्हणजे 5 किलोचा डंबेल. सुरुवातीला प्रत्येकी 2 सेट (फेऱ्या), दर सेटला 8 ते 12 रेप (आवर्तनं). सेट संपताना अजून दोन रेप झाले असते असं वाटलं पाहिजे. दोन सेटमध्ये 2 मिनिटं विश्रांती घ्या. स्नायू मोकळा व्हायला तुम्हाला वेळ लागतो, त्यात लाज कसली? दोन्ही सेटमध्ये 12 रेप नीट झाले की पुढच्या वेळी वजन वाढवा, वरच्या अंगाला 1 ते 2.5 किलो, पायांना फार तर 5. महिन्याभराने तिसरा सेट.

नियम एकच लक्षात ठेवा: त्याच स्नायूचं दुखणं 72 तासांनंतरही तसंच असेल, तर त्या आठवड्यात काहीही वाढवायचं नाही.

तालमीतल्या पोरांना मला कळकळीने सांगायचं आहे. यात्रेची दंगल जवळ आली म्हणून पहिल्याच दिवशी 200 बैठका मारू नका, आणि थायरॉईड कमी असताना तर मुळीच नको. तसा स्नायू फाटला की त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीवर येतो. व्यायामानंतर लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, मांड्या सुजून दगड झाल्या, तर घरी लिंबूपाणी पीत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वेळेचं गणित असं बसवा: पहाटे 5:30 ला गोळी पाण्याबरोबर, 6 ला व्यायाम, 7 नंतर चहा आणि नाश्ता. गोळीची घडी सांभाळली जाते आणि उन्हाच्या आत घरीही येता. प्री-वर्कआउटचा (व्यायामाआधी तरतरीसाठी पितात त्या पावडरचा) घोट या तासात नको. उपाशी पोटी गरगरत असेल तर गोळी झोपतानाची करा आणि सकाळी एक केळ खाऊन या.

कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी घेत असाल आणि थायरॉईड अजून आटोक्यात नसेल, तर अंगदुखी व्यायामाची आहे असं गृहीत धरू नका. या जोडीत स्नायूंना इजा होण्याचा धोका जास्त असतो. डॉक्टरांच्या कानावर घाला.

टप्पा 6: थायरॉईड जास्त असलेल्यांसाठी

इथे थोडक्यात, कारण करायचं कमी आणि थांबायचं जास्त आहे. टी3, टी4 मर्यादेत येईपर्यंत जड वजन, धावणं, उन्हातला व्यायाम बंद. सकाळची नाडी 100 च्या वर असेल किंवा ठोके चुकत असतील तर चालणंसुद्धा डॉक्टरांना विचारून. धडधड कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर नाडी खाली दिसते, त्यावर विसंबू नका. उपचार सुरू झाल्यावरही टीएसएच काही महिने खालीच राहू शकतं, म्हणून या गटाने टी4 आणि टी3 बघायचं. ताकद महिन्यांच्या हिशोबाने परत येते. मग टप्पा 5 चा पहिला भाग, तिथूनच सुरुवात.

थायरॉईड कमी करणारी कार्बिमाझोल गोळी चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासा.

तरुण पुरुषांनी हे लक्षात ठेवावं: थायरॉईड जास्त असताना, दिवसा दमून, रात्री वरण-बट्टी किंवा पुरणाचे मांडे असं भरपूर खाऊन झोपलं, आणि पहाटे पाय उचलताच येत नाहीत, असं घडू शकतं. रक्तातलं पोटॅशियम एकदम उतरलेलं असतं. आशियाई पुरुषांत हा प्रकार इतरांपेक्षा जास्त दिसतो. झोपेत पाय आखडले असतील म्हणून तेल चोळत बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या आणि थायरॉईडचं सांगा.

सावधान: "कटिंग"साठी, म्हणजे चरबी उतरवायला, टी3 ची गोळी देणारे लोक आपल्या शहरांतही पोचले आहेत. माझ्याकडे आलेल्या एका पोराला ती असंच कोणीतरी दिली होती. दोन महिन्यांत वजन 6 किलो उतरलं, पण त्याचा बेंच प्रेसही 20 किलोने उतरला. चरबीबरोबर मांसही जातं, हाडं झिजतात, हृदयाचा ठेका बिघडतो. निरोगी माणसाने थायरॉईडची कोणतीही गोळी मसलसाठी घेऊ नये. आधीच घेत असाल तर लाजू नका, डॉक्टरांना सगळं खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली थांबवा.

टप्पा 7: ताट

गोळी लागू पडली, व्यायाम बसला, आता विटा लागतील. रोज किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं हे लक्ष्य. 60 किलोच्या माणसाला 95 च्या आसपास. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

आपल्याकडे वरण रोज असतं, म्हणून प्रथिनं पुरतात असं वाटतं. पण पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम मूठभर डाळ असते, 4 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. त्याऐवजी उडदाचा घट्ट घुटा करा. 50 ग्रॅम कोरड्या डाळीत 12 ग्रॅम मिळतात. कळण्याची भाकरी तर ज्वारीत उडीद घालूनच होते, म्हणजे साध्या ज्वारीपेक्षा उजवी. भरीत मला जिवापाड आवडतं, पण त्यात प्रथिनं नावापुरतीच, सोबत दही आणि शेंगदाणे घ्या. 30 ग्रॅम शेंगदाण्यांत 7 ते 8, दोन अंड्यांत 12, 250 मिली दुधात 8, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18, 30 ग्रॅम सोयावडीत 15. सोया दुपारी खा, म्हणजे गोळीशी भांडण नाही.

कोबी, फ्लॉवर शिजवून खा, बाजरीची भाकरी थंडीत खुशाल खा. मीठ मात्र आयोडीनचं हवं. "नैसर्गिक" म्हणून सगळं घर सैंधवावर नेऊ नका, त्यात पुरेसं आयोडीन नसतं. उलट समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमध्ये ते बेहिशेबी असू शकतं, तीही नको.

वजन उतरवायला म्हणून दिवसाला दोन भाकऱ्यांवर राहू नका. खाणं फार तोडलं की शरीर स्वतःच टी3 कमी करतं, आणि गोळी चालू असूनही अंग जड होतं.

टप्पा 8: बारा आठवड्यांनी पुन्हा बघा

टीएसएच मर्यादेत येऊन 12 आठवडे झाले की वहीतल्या चारही नोंदी पुन्हा घ्या. कागदावर टीएसएच सुधारलं म्हणून मांड्या त्याच आठवड्यात सुधारत नाहीत. स्नायूंना आणखी काही महिने लागू शकतात. पण उठ-बस वाढत असेल, दुखणं दोन दिवसांत जात असेल, तर गाडी रुळावर आहे. व्यायामाने वजन बरंच बदललं असेल तर डोस पुन्हा बघायला सांगा.

टीएसएच ठीक आहे, तीन महिने नियमाने केलं, आणि तरी उठ-बस जागच्या जागी असेल, तर गोळी वाढवून मागू नका. डी जीवनसत्त्व, बी 12, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा. डी कमी असलं तरीही मांड्याच अशक्त होतात आणि अगदी थायरॉईडसारखंच वाटतं. रात्री किती तास झोपता, तेही वहीत लिहायला लागा.

त्या ताईंचं तसंच निघालं. चहा सरकवला, कॅल्शियम रात्रीच्या जेवणावर नेलं, बाटली कपाटात गेली, डोस तोच राहिला. आठ आठवड्यांनी टीएसएच 3.1 आलं, पण उठ-बस 9 वरच अडली. डी तपासलं तर फार कमी. त्याचे उपचार सुरू झाल्यावर दिवाळीच्या सुमारास नोंद 14 झाली, आणि दोन्ही हातांत पाण्याचे कॅन घेऊन त्या जिना चढायला लागल्या.